निनावी वीरांचे दगड

नीरेकाठच्या निरवांगीहून इंदापूरला जाताना मालोजीराजांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच. शहाजीराजांचे हे वडील इंदापूरच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. परंतु गावोगावच्या देवळांबाहेर उभ्या असलेल्या वीरगळांचे काय? तळाच्या चौकटीत झुंज, कित्येकदा गोधन सोडविताना झालेली. तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर शिवपूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. नाव मात्र क्वचितच कोरलेले. ज्या गावासाठी तो मेला, त्यानेच त्याची ओळख राखावयाची!

लोकांनी मनावर घेतले म्हणजे काय होते, हे रायगडाने दाखविले आहे. शिवछत्रपतींच्या समाधीसाठी टिळकांनी १८९५ साली लोकवर्गणीची चळवळ उभारली. जीर्णोद्धार पुरा व्हावयास सुमारे तीस वर्षे लागली.

आज गावांत जीर्णोद्धाराच्या उत्साहाला तोटा नाही, आणि भीती आहे ती नेमकी त्याचीच. वीरगळावर तैलरंग चढतो. कधी तो नव्या ओट्याच्या सिमेंटात गाडला जातो. राज्याचा १९६० चा स्मारकविषयक कायदा आहे खरा, पण त्याचे छत्र संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांपुरतेच. तेव्हा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावचे दगड मोजावेत, छायाचित्रांसह त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. आणि हे सारे ओट्याचा पाया खणण्यापूर्वी व्हावे.