पक्षी पाहत फिरा, पण छातीचेही ऐका

"डॉक्टर, तुम्ही सांगितलं म्हणून फिरायला लागलो, पण पंधरा दिवसांत कंटाळा आला." मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांकडून हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. औषध म्हणून सुरू केलेले फिरणे औषधासारखेच चुकते. म्हणून हल्ली मी अशांना सांगतो, "पक्षी पाहायला जा."

त्यासाठी भिगवणलाच गेले पाहिजे असे नाही. देहूगावात इंद्रायणीच्या काठी सकाळी अर्धा तास घालवला तरी खंड्या, ढोकरी, टिटवी, पाणकावळा भेटतात. तारेवर कोतवाल आणि वेडा राघू असतात. पावसाळा सरला की शेपटी हलवत चालणारे धोबी पक्षी हिमालयाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आज कोण आला, हे पाहण्याच्या ओढीने माणूस आपोआप घराबाहेर पडतो.

मात्र उभे राहून पक्षी पाहणे म्हणजे व्यायाम नव्हे. प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जाताना न थांबता भरभर चालावे आणि पक्षी येताना पाहावेत. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही योग्य गती. वर पाहायचे तर आधी थांबावे. वर पाहत चालणारे ठेचकाळतात. मधुमेह्यांनी अनवाणी फिरू नये. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खडीसाखर ठेवावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. साठीतले एक गृहस्थ नातवाला घेऊन घोरावडेश्वरच्या पायऱ्या चढत. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबून म्हणत, "तो बघ पक्षी." एक दिवस नातवाने विचारले, "आजोबा, पक्षी कुठाय?" पक्षी नव्हताच. चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे आणि थांबले की दोन मिनिटांत बरे वाटे. चारचौघांत दम लागला असे म्हणायला संकोच वाटे, म्हणून हा बहाणा. घरी मात्र 'गॅस' म्हणून सोड्याचे पाणी चालू होते. बसून काढलेला कार्डिओग्राम ठीक आला, पण चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीत दोष दिसला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली म्हणून ते आज आपल्यात आहेत.

वाचकहो, श्रम करताना छाती, डावा हात, गळा किंवा जबडा भरून येत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर तो गॅस समजू नका. ती हृदयाची हाक असू शकते. फिरणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कार्डिओग्राम चांगला आला तरी पुढची तपासणी टाळू नका. थांबूनही पाच-दहा मिनिटांत दुखणे गेले नाही, किंवा घाम फुटला, तर चालत घरी जाऊ नका. 108 ला फोन करा.

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पण सुरुवातीला त्या मुहूर्ताची वाट पाहू नका. आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि उद्या सकाळी नदीकाठी जा. थांबाल तेव्हा मात्र पक्ष्यासाठीच थांबलात ना, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.