देवासचे अंथरूण आणि कुमारांचे गाणे

कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि मैफली गाजवू लागून त्यांना दहा-बारा वर्षे झाली होती. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत असे. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली. अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तिथेच शिकला आणि पुढे तिथेच शिकवूही लागला. १९४७ मध्ये याच विद्यालयातल्या गायिका भानुमती कंस यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. संसार मांडून काही महिने होतात न होतात तोच फुफ्फुसाच्या क्षयाचे निदान झाले.

त्या काळी या निदानाचा अर्थ काय होता, हे आज चटकन लक्षात येत नाही. क्षयाचा जंतू हवेतून फुफ्फुसात शिरतो आणि तिथला भाग हळूहळू पोखरत जातो. कुठे पोकळ्या होतात, कुठे जखम भरून येते; पण भरलेल्या जागी लवचीक पेशींऐवजी कडक व्रण उरतो. तेवढा भाग पुढे श्वासाच्या उपयोगाचा राहत नाही. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ मध्येच शोधून काढला होता, तरी त्यानंतर सुमारे साठ वर्षे त्याला मारणारे औषध नव्हते. पूर्ण विश्रांती, दूध-अंडी आणि कोरडी स्वच्छ हवा, एवढाच इलाज. ज्यांना परवडे ते मिरजेच्या किंवा पाचगणीच्या आरोग्यधामात जात. बाकीचे घरीच झिजत. रोग्याची ताटवाटी वेगळी, खोली वेगळी. शेजारी दारातूनच चौकशी करत. गवयावर तर दुहेरी संकट कोसळे, कारण ज्या अवयवावर त्याची विद्या आणि पोट चाले, रोग नेमका त्यातच असे.

मुंबईची दमट हवा सोडायची ठरल्यावर जानेवारी १९४८ मध्ये कुटुंब देवासला आले. इंदूरपासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचे, माळव्याच्या पठारावरचे हे गाव. हवा कोरडी, रात्री गार. पण हवेइतकेच गावही महत्त्वाचे होते. पवार घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या तिथे नांदत होत्या. गावात मराठी बोलली जात होती. उस्ताद रजब अली खाँसाहेबांसारखा बुजुर्ग तिथे राहत होता आणि कवी भा. रा. तांबे यांचे नातेही याच गावाशी होते. माणसांपासून तुटलेल्या एखाद्या टेकडीवर जाऊन पडावे तसा हा प्रकार नव्हता. जिथे गाणे कळणारी माणसे होती, अशा जागी कुमार आजारी पडून राहिले, आणि हा फरक मोठा आहे.

पुढची पाच-सहा वर्षे अंथरुणात गेली. गाण्याची सक्त मनाई होती. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण कुमारांच्या चिंतनाबद्दल भरभरून लिहितात आणि भानुमतीबाईंना दोन ओळींत उरकतात. वास्तविक त्या स्वतः तयारीच्या गायिका होत्या. त्यांनी देवासच्या शाळेत नोकरी धरली, घर त्या पगारावर चालवले आणि शाळा सांभाळून शुश्रूषाही केली. क्षयाच्या रोग्याची शुश्रूषा म्हणजे वेळेवर औषध, वेळेवर खाणे, ताप पाहणे, थुंकीची व्यवस्था, रोज उकळायचे कपडे आणि स्वतःला लागण होण्याची टांगती तलवार. शिवाय रोग्याला ‘जरा गुणगुणून पाहतो’ म्हणू न देणे हेही आलेच. आजारी कलावंताला आधार हवा असे आपण सहज बोलून जातो. देवासला त्या आधाराचा अर्थ दर महिन्याला घरात येणारा पगार असा होता.

गळा बंद असला तरी कान उघडे होते. घरावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे गाणे खोलीत ऐकू येई. पावसाळ्यातली गाणी वेगळी, लग्नसराईतली वेगळी. बायका ती कामाच्या लयीत म्हणत. दारावर येणारे नाथपंथी जोगी कबीराची निर्गुणी पदे गात. शहरी गवयाच्या कानांवर अशी गाणी एरवीही पडतात, पण तो पुढे निघून जातो, त्याला पुढची मैफल असते. इथे जायचेच कुठे नव्हते. तीच धून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या ऋतूत कानी येत राहिली. ती टिपून ठेवण्याच्या कामातही भानुमतीबाईंचा हात होता.

या ऐकण्यातून जे निघाले ते समजून घेण्यासारखे आहे. माळव्यातली लोकधून पुष्कळदा चार-पाच सुरांतच फिरते. सबंध सप्तकाची तिला गरज भासत नाही. मात्र त्या मोजक्या सुरांतही कुठे थांबायचे, कोणता सूर ओझरता घ्यायचा, कोणत्या सुरावरून मागे वळायचे, याची ठरलेली चाल असते. रागाची ओळखही नेमकी अशाच गोष्टींनी ठरते. कुमारांना दिसले की राग वरून कुणी घालून दिलेला नाही. तो अशा धुनेच्या पोटात बीजरूपाने असतो. ते बीज धरून त्यांनी सुरांचा विस्तार केला आणि मालवती, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी असे राग उभे राहिले. त्यांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. नव्या रागांचा कारखाना काढणारे संगीतकार कमी नाहीत. दोन जुने राग जोडून तिसरा करणे ही त्यातली सोपी वाट. कुमारांची वाट याच्या बरोबर उलटी होती.

दरम्यान अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, त्यांचे विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले होते. क्षयावर चालणारे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. ते एकटेच दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे लवकरच कळले. म्हणून पुढे दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. भारतात सुरुवातीला ते दुर्मीळ होते आणि महागही. कुमारांना या औषधाचा गुण आला आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले होते.

इथून एक वाद सुरू होतो, तो आजही मिटलेला नाही. निरोगी प्रौढाच्या फुफ्फुसांत एका खोल श्वासात तीन ते पाच लिटर हवा खेळते. बसल्या जागी त्यातली अर्धा लिटर पुरते, पण ख्यालगायकाला लांब आलाप आणि पल्लेदार तान एका दमात घ्यायची म्हणजे बहुतेक सगळा साठा वापरावा लागतो. साठाच निम्म्यावर आला तर श्वास वारंवार घ्यावा लागणार. आजारानंतरच्या कुमारांच्या गाण्यात लहान लहान आकृती आहेत, अचानक मोडणाऱ्या ताना आहेत आणि मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागा आहेत. संथ लयीत रेंगाळण्यापेक्षा मध्यलयीकडे ओढा आहे. तेव्हा ही शैली म्हणजे अधू फुफ्फुसाची तडजोड, असे काहींनी म्हटले; तर काहींच्या मते ती निखळ कलादृष्टी.

दोन्ही पक्ष थोडे घाईत आहेत. श्वास कमी पडत होता हे शरीराचे वास्तव आहे, ते नाकारून काही साधत नाही. पण श्वास वाचवायचाच असता तर कुमार खालच्या-मधल्या सुरांत, हळुवार गाऊन सुखरूप राहिले असते. प्रत्यक्षात ते तार सप्तकात भरदार आवाजाने झेप घेत आणि पुढच्याच क्षणी आवाज अगदी बारीक करत. हवेच्या दृष्टीने हा उधळेपणाच. मोकळ्या जागांचेही तसेच. त्या रिकाम्या राहू नयेत म्हणून त्यांचे तंबोरे जिवंत असावे लागत, आणि मैफलीआधी दोन तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत ते किती वेळ घालवत याच्या आठवणी रसिक अजून सांगतात. गायक थांबला की श्रोत्याच्या कानात तंबोरा गात असे. जिथे श्वास घ्यायचा ती जागाच गाण्याचा भाग झाली. मर्यादा कुठे संपली आणि आवड कुठे सुरू झाली, हे कानाने वेगळे काढता येत नाही.

१९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्याही गायिका होत्या आणि पुढची तीस वर्षे मैफलीत त्यांचा आवाज कुमारांच्या मागे राहिला. इंदूरचे रामूभैया दाते, संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि इकडे पु. ल. देशपांडे, वामनराव देशपांडे यांच्यासारख्या मित्रांचे वर्तुळ भोवती होते. ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’, तांब्यांच्या कवितांचे कार्यक्रम असे कितीतरी प्रयोग झाले. ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. म्हणजे आजारानंतर जवळपास चाळीस वर्षे हा माणूस गात होता.

आजाराने कुमार घडवले, असे एक लाडके वाक्य सभा-समारंभांत ऐकू येते. ते खोटे आहे. आजाराने गाणे बंद पाडले होते. गाणे परत आणले ते औषधाने. तोवर जीव आणि घर भानुमतीबाईंनी टिकवले, आणि धून ऐकताच तिच्यातला राग ओळखणारा कान देवधरांच्या तालमीत तयार झाला होता. यातले एकही नसते तर त्या काळात क्षयाने गेलेल्या असंख्य तरुणांत आणखी एकाची भर पडली असती. आजाराला असे श्रेय देण्यात धोकाही आहे. सोसण्यातूनच कला येते असे मानले, की आजारी कलावंताला मदत करण्याची निकड उरत नाही.

वैद्यकाच्या बाजूने चित्र पार बदलले आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या संशोधन केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, योग्य औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. आरोग्यधामांचे युग त्यामुळे ओसरले. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे, सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात आणि ‘निक्षय पोषण योजने’खाली उपचार चालू असेपर्यंत पोषक आहारासाठी दरमहा एक हजार रुपये रोग्याच्या खात्यात जमा होतात.

कलावंताच्या पोटापाण्याच्या बाजूने मात्र फारसे बदललेले नाही. कार्यक्रमावर जगणाऱ्या गायक, वादक, नट यांना आजारपणाची रजा नसते; तारीख रद्द झाली की बिदागीही गेली. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि तिचा लाभ अनेकांना होतो, पण नावाप्रमाणे ती ज्येष्ठांसाठी, म्हणजे मुख्यतः पन्नाशी गाठलेल्यांसाठी आहे. ऐन तारुण्यात वर्ष-दोन वर्षे अंथरूण धरावे लागलेल्या गवयाला ती लागू होत नाही. त्याचे घर आजही घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावरच चालते.