जिलबी केव्हापासून?

उज्जैनच्या भैरवगढला गेलो होतो तो तिथल्या बाटिक छपाईवर लिहायला. सकाळी पोहे-जिलबी खाऊन छिप्यांच्या, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या, वस्तीत शिरलो. वितळलेल्या मेणाची कलम कापडावर फिरत होती. रंगवून झालेली चादर उकळत्या पाण्यात पडली की मेण सुटायचं आणि झाकलेली नक्षी वर यायची. हे काम इथे कधीपासून चालतं, असं प्रत्येकाला विचारलं. उत्तर एकच : पिढ्यान्‌पिढ्या.

ते उत्तर ऐकताना एका ग्रंथरक्षकाची आठवण झाली आणि छपाईचा लेख बाजूला राहिला. ‘पिढ्यान्‌पिढ्या’वर त्यांचं समाधान झालं नसतं. मी सकाळी खाल्लेल्या जिलबीचंही वय त्यांनी काढून ठेवलं होतं.

परशुराम कृष्ण गोडे. जन्म देवरूखचा, ११ जुलै १८९१. पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झालं, पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी पोथ्यांचा संग्रह तिथे आला आणि १९१९ मध्ये गोडे त्याचे क्युरेटर झाले. १९६१ मध्ये ते वारले. मधली चाळीसेक वर्षं या पोथ्यांच्या सहवासात गेली.

संग्रहही तसाच होता. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी हिंडून जमवलेला. पोथीवरचा क्रमांकच तिचा प्रवास सांगतो. ५/१८७५-७६ म्हणजे ब्यूलर काश्मीरहून घेऊन आले त्या वर्षीची पाचवी : भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेला ऋग्वेद. २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिसूचीत घेतलेल्या इथल्या तीस ऋग्वेद पोथ्यांमध्ये तीही आहे.

संस्थेचा इतिहास इतरत्र वाचायला मिळेल. मला खिळवून ठेवलं ते गोड्यांच्या सांडशीने. सांडशी हा शब्द माझा, पण त्यांची रीत तशीच होती. संस्कृत ग्रंथकार स्वतःचा काळ क्वचितच सांगतात. मग गोडे ग्रंथात कोणाकोणाची वचनं घेतली आहेत ते पाहत. त्यांतला सर्वांत अलीकडचा लेखक ही खालची मर्यादा. नंतर या ग्रंथाचा उल्लेख सर्वांत आधी कोण करतो, किंवा सर्वांत जुनी नक्कल कोणत्या साली उतरवली, ही वरची मर्यादा. नक्कल करणाऱ्याने पोथीच्या शेवटी, पुष्पिकेत, संवत लिहिला असेल तर सत्तावन्न वजा, शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. सांडशीची दोन टोकं जवळ येत जातात आणि मध्ये ग्रंथकार सापडतो. असे चारशेहून अधिक लेख त्यांनी लिहिले.

हीच सांडशी त्यांनी वस्तूंनाही लावली, आणि तिथे मी त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. नथ, मेंदी, विडा, तंबाखू, कागद, चष्मा, शोभेची दारू. विद्वत्तेच्या दरबारात ज्यांना कोणी विचारत नव्हतं, अशा या वस्तू. जिलबीवरचा लेख १९४३ चा. जिनसूर या जैन लेखकाच्या १४५० च्या सुमाराच्या ‘प्रियंकरनृपकथे’त, एका श्रीमंताच्या घरच्या मेजवानीत, त्यांना जिलबी सापडली. मग १६०० च्या आधीच्या एका संस्कृत ग्रंथातली कृती. मग ‘भोजनकुतूहल’. त्याचा कर्ता रघुनाथ नवहस्त. तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. मराठी राणीच्या छत्राखाली लिहिलेल्या पाकग्रंथाचा काळ ठरवायला देवरूखचा हा माणूस बसला होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पण भैरवगढला उभं राहिलं की या रीतीची अडचण दिसते. पहिला उल्लेख म्हणजे जन्म नव्हे. इसवी सन १००० च्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात नाकातला दागिना दिसत नाही, असं गोड्यांनी दाखवलं. दिसत नाही म्हणजे कोणी घालतच नव्हतं का, हा प्रश्न उरतोच. निदान नथ आणि जिलबी श्रीमंतांच्या घरी पोचल्या, म्हणून पोथीत शिरल्या. छिप्याच्या कलमेवर कोणता पंडित ग्रंथ लिहिणार? सांडशीची दोन्ही टोकं उघडी राहतात.

दुसरी काळजी माणसांची. पोथ्यांची छायाचित्रं आता पडद्यावर दिसतात, ते चांगलंच आहे. पण पान दिसणं वेगळं आणि एका पोथीतलं वचन वाचताना दुसऱ्या पोथीतली ओळ आठवणं वेगळं. त्यासाठी एकाच दालनात वर्षानुवर्षं बसू देणारी नोकरी लागते. असा माणूस घडायला वीस वर्षं जातात आणि त्या वीस वर्षांत दाखवण्याजोगं फारसं काही हाती येत नाही. आज इतका धीर कोणती संस्था धरील, हे मला सांगता येत नाही.

उज्जैनमध्ये पोथ्या आहेत. शिंदे संस्थानाने उभा केलेला आणि आता तिथल्या विद्यापीठाकडे असलेला प्राच्यविद्या संग्रह हजारो हस्तलिखितांचा आहे. तरी छिप्यांचं उत्तर संस्कृतात मिळेल असं मला वाटत नाही. दौलतराव ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांचं ठाणं उज्जैनलाच होतं. त्या काळचे जमाखर्च, जकातीच्या नोंदी, खरेदीच्या याद्या मोडीत असणार, आणि मोडी वाचायची तर ती आपणच. या कागदांत उज्जैनच्या नावापुढे ‘छीट’, म्हणजे छापील कापड, हा शब्द पहिल्यांदा कोणत्या साली येतो, एवढंच आधी बघायचं आहे.