इंग्लंडमधील शिशाच्या जुन्या खाणींचे अवशेष : एक पुरातत्त्वीय विवेचन

प्रस्तावना : पुरातत्त्वीय वारसा म्हटला की किल्ले, प्रार्थनास्थळे व राजवाडे डोळ्यांसमोर येतात. श्रमिकांनी मागे ठेवलेले खड्डे आणि ढिगारे मात्र उपेक्षित राहतात. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील शिशाच्या खाणींचे अवशेष हे याचे बोलके उदाहरण होय.

अवशेषांचे स्वरूप : इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले आणि काही वर्षांतच मेंडिप टेकड्यांत त्यांचे शिसे-उत्पादन सुरू झाले. पुढे डर्बीशायरचा पीक डिस्ट्रिक्ट व यॉर्कशायरचे स्वेलडेल खोरे येथे हा व्यवसाय विस्तारला. डर्बीशायरमध्ये चुनखडीच्या उभ्या भेगांत गॅलेना हे शिशाचे खनिज आढळते. खाणकामगार शिरेच्या रोखाने खणत जात. त्यामुळे खड्डे व ढिगारे यांची रांग कुरणांतून दूरवर गेलेली दिसते. तिला तेथे 'रेक' म्हणतात. स्वेलडेलमध्ये डोंगरमाथ्यावर अडविलेले पाणी एकदम सोडून माती धुऊन काढीत व शीर उघडी करीत. त्या घळी आजही स्पष्ट आहेत. भट्ट्यांपासून डोंगरावर चढत गेलेली धुराडी विषारी धूर दूर नेत. धुरातील शिसे त्यांच्या भिंतींवर साचे व ते खरवडून पुन्हा वापरले जाई. वर्क्सवर्थ येथे खनिज मोजण्याचे १५१३ सालचे प्रमाणमाप जतन केलेले असून, खाणहक्कांचे निवाडे करणारे 'बारमोट' न्यायालयही तेथे भरते.

ऱ्हास व संवर्धन : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त परदेशी शिशामुळे हा व्यवसाय खालावला. पूर्वी टाकाऊ मानलेल्या फ्लोरस्पार व बराइट या खनिजांना विसाव्या शतकात मागणी आली आणि अनेक ढिगारे पुन्हा उपसले गेले. शिशाचे विष जनावरांना बाधते, म्हणून काही ठिकाणी जमीन सपाट करण्यात आली. ही अडचण खरी आहे. तथापि त्याच विषारी मातीत 'स्प्रिंग सँडवर्ट'सारख्या, अन्यत्र क्वचित आढळणाऱ्या वनस्पती तग धरून आहेत. म्हणजे ढिगारा हलविल्यास इतिहासाचा पुरावा व वनस्पतींचा अधिवास दोन्ही एकाच वेळी नष्ट होतात.

निष्कर्ष : सामान्य खाणकामगाराने आपल्या श्रमांची नोंद क्वचितच लिहून ठेवली. त्याने कोठे खणले, काय निवडले व काय टाकले, हे ढिगाऱ्यांच्या थरांतूनच वाचता येते. एकटी चिमणी वा यंत्रघर राखून हा पुरावा टिकणार नाही. खाण, भट्टी, पाण्याचे पाट व ढिगारे यांचे एकत्रित संवर्धन आवश्यक ठरते.