व्हाइटचा वृक्षबेडूक : काचपेटीतील प्रकाश व आहार

व्हाइटचा वृक्षबेडूक (शास्त्रीय नाव : रॅनॉयडिया सेरुलिया, जुने नाव : लिटोरिया सेरुलिया) हा उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग येथे आढळणारा निशाचर वृक्षबेडूक आहे. शांत स्वभाव, सुमारे १० सेंमी.पर्यंत वाढणारे गुबगुबीत शरीर आणि १५ वर्षांहून अधिक आयुष्य यांमुळे अनेक देशांत तो टेरेरियममध्ये, म्हणजे जमिनीवरील अधिवासाची प्रतिकृती असलेल्या काचपेटीत, पाळला जातो. काचपेटीत वाढणाऱ्या बेडकाच्या संगोपनात प्रकाश व आहार हे दोन विषय सहसा वेगवेगळे मानले जातात. शरीरक्रियेच्या दृष्टीने मात्र ते एकमेकांशी जोडलेले आहेत. अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचण्यासाठी ड३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी अतिनील किरण लागतात. या साखळीतील एक दुवा निसटला, तर पोट भरलेल्या बेडकाचीही हाडे मऊ होतात.

नाव व वर्ण

ब्रिटिशांच्या पहिल्या ताफ्याबरोबर न्यू साउथ वेल्समध्ये गेलेले शल्यचिकित्सक जॉन व्हाइट यांच्या १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या बेडकाचे प्रथम शास्त्रीय वर्णन आले. ‘सेरुलिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निळा’ असा आहे. हिरव्या प्राण्याला हे नाव मिळण्याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. बेडकाच्या त्वचेतील खालचा थर निळा प्रकाश परावर्तित करतो व त्यावरील पिवळ्या रंगद्रव्याच्या थरातून तो बाहेर पडताना हिरवा दिसतो. परिरक्षक द्रवात ठेवलेल्या नमुन्यातील पिवळे रंगद्रव्य नष्ट झाल्याने तो निळा दिसू लागला, असे मानले जाते.

नैसर्गिक अधिवास

हा बेडूक दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा पानांच्या आडोशाला बसतो आणि रात्री शिकारीस बाहेर पडतो. ऑस्ट्रेलियात तो मनुष्यवस्तीतही सहज राहतो. पाण्याच्या टाक्या, स्नानगृहे व शौचालये यांत तो आढळतो. घराबाहेरील दिव्याभोवती जमणारे कीटक टिपण्यासाठी तो खिडकीजवळ येऊन बसतो.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या ऋतूत तो पाणी मिळवण्यासाठी तापमानातील फरकाचा उपयोग करतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. थंड रात्री बाहेर बसून गार झालेला बेडूक उबदार, दमट ढोलीत परतला की त्याच्या अंगावर दव जमते आणि ते तो त्वचेतून शोषून घेतो. दिवस व रात्र यांतील तापमानाचा आणि प्रकाशाचा फरक हा त्याच्या जीवनक्रमाचा भाग आहे. काचपेटीत तो कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागतो.

प्रकाश

काचेचे गुण व मर्यादा

बंद काचपेटीचा प्रसार लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्यामुळे झाला. १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचे उगवलेले त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी अशा पेट्या तयार केल्या व १८४२ मध्ये त्यांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. काच दमटपणा टिकवते आणि दृश्य प्रकाश आत येऊ देते. वनस्पतींना एवढे पुरते. परंतु सामान्य काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे खिडकीजवळ ठेवलेली पेटी उजळ दिसली तरी आतील प्राण्याला सूर्यप्रकाशाचा हा अंश मिळत नाही. शिवाय थेट उन्हात ठेवलेली बंद पेटी थोड्याच वेळात घातक ठरण्याइतकी तापते. म्हणून काचपेटी उन्हात ठेवणे हा प्रकाशाच्या प्रश्नावरील उपाय नव्हे.

अतिनील किरण व ड३ जीवनसत्त्व

सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर पडले की त्यापासून पूर्वजीवनसत्त्व तयार होते. उष्णतेमुळे त्याचे ड३ जीवनसत्त्वात रूपांतर होते. पुढे यकृत व वृक्क यांत प्रक्रिया होऊन ते कार्यक्षम होते आणि आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घडवते.

निशाचर प्राण्याला अतिनील किरणांची गरज नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो पूर्णतः बरोबर नाही. निशाचर वृक्षबेडूक दिवसा अनेकदा उघड्या पानावर वा फांदीवर झोपतो आणि तेथे त्याला विखुरलेल्या प्रकाशातून थोडे अतिनील किरण मिळतात. केवळ आहारातून ड३ जीवनसत्त्व देऊनही बेडूक वाढवता येतात, परंतु त्यात मात्रेचा धोका असतो. त्वचेत आवश्यकतेपेक्षा अधिक तयार झालेले पूर्वजीवनसत्त्व प्रकाशामुळेच निष्क्रिय द्रव्यांत बदलते. अन्नातून आलेल्या अतिरिक्त जीवनसत्त्वाला असा लगाम नाही. ते साठत जाऊन मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत कॅल्शियम साचू शकते.

किरणांची तीव्रता ठरवण्यासाठी अतिनील निर्देशांक वापरतात. गॅरी फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरडे व साप यांच्या नैसर्गिक वर्तनावरून चार पट्टे सुचवले. त्यांपैकी पहिला पट्टा सावलीत राहणाऱ्या अथवा संधिप्रकाशात वावरणाऱ्या प्राण्यांचा असून त्याचा सरासरी निर्देशांक ० ते ०.७ आहे. ही विभागणी सरपटणाऱ्या प्राण्यांवरून केलेली असली, तरी वृक्षबेडकांसाठी मार्गदर्शक म्हणून पहिला पट्टा वापरला जातो. वाळवंटी सरड्यांसाठी बनवलेले तीव्र दिवे बेडकाच्या पातळ त्वचेला व डोळ्यांना अपाय करू शकतात.

दिव्याची मांडणी

कमी तीव्रतेची अतिनील-ब नळी पेटीच्या एका बाजूला, जाळीच्या झाकणावर बसवतात. दुसरी बाजू दाट पानांनी सावलीत ठेवतात. अशा रचनेत बेडूक आपल्या गरजेनुसार जागा निवडू शकतो. नळी व बेडूक यांच्यामध्ये काच किंवा सामान्य प्लॅस्टिक असता कामा नये. बारीक जाळीही किरणांचा काही भाग अडवते, हे अंतर ठरवताना लक्षात घ्यावे लागते. नळीतून येणारा दृश्य प्रकाश कायम असतानाही अतिनील-ब किरणांचे प्रमाण हळूहळू घटते. म्हणून निर्देशांक मापकाने तपासणी करतात अथवा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणतः ६ ते १२ महिन्यांत, नळी बदलतात.

पेटीतील वनस्पतींसाठी पांढऱ्या प्रकाशाचा वेगळा एलईडी दिवा लावतात. दोन्ही दिवे टायमरला जोडून सुमारे १२ तास प्रकाश व १२ तास अंधार असे चक्र राखले जाते. दिवसाचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि रात्रीचे २० ते २२ अंशांच्या आसपास असावे. उष्णता देणारा दिवा लागलाच, तर तो पेटीबाहेर ठेवतात. गरम काचेला चिकटल्याने बेडकाची त्वचा भाजू शकते.

रात्रीचा अंधार

बेडकांना तांबडा प्रकाश दिसत नाही, या समजुतीने रात्रभर तांबडा दिवा लावण्याची पद्धत होती. बेडकाच्या दृष्टिपटलात तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे ही समजूत चुकीची आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अचानक पडणारा प्रकाशही बाधक ठरतो. ब्रायन्ट बुकॅनन यांच्या १९९३ च्या अभ्यासात, प्रकाश एकाएकी वाढवल्यावर अमेरिकन वृक्षबेडकांची भक्ष्य शोधण्याची व पकडण्याची क्षमता घटलेली आढळली. म्हणून अन्न दिवे मालवल्यावर, खोलीतील मंद उजेडात देणे योग्य ठरते.

आहार

भक्ष्याची ओळख

बेडूक मुख्यतः हालचालीवरून भक्ष्य ओळखतो. जेरोम लेटविन व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, बेडकाच्या डोळ्यातील काही चेतातंतू लहान, गडद, हलत्या वस्तूला विशेष प्रतिसाद देतात असे दाखवले. यामुळे मेलेले, निश्चल कीटक समोर असूनही बेडूक उपाशी राहू शकतो. जीभ जबड्याच्या पुढील भागास जोडलेली असते आणि ती बाहेर फेकून भक्ष्य चिकटवले जाते. गिळताना डोळे आत ओढले जातात व घास घशाकडे ढकलण्यास त्यांची मदत होते.

भक्ष्याचे प्रकार

रातकिडे हा नेहमीचा आहार असला, तरी एकाच कीटकावर अवलंबून राहणे इष्ट नाही. पाळीव बेडकांना पुढील भक्ष्य देतात :

रातकिडे व खाद्यासाठी वाढवलेली झुरळे : रोजच्या आहाराचा पाया. घरात फिरणारी झुरळे कीटकनाशकांच्या शक्यतेमुळे वर्ज्य.
गांडुळे : पौष्टिक, रातकिड्यांच्या तुलनेत कॅल्शियम अधिक.
ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या : बाह्य कवचात कॅल्शियम कार्बोनेट असल्याने कॅल्शियमयुक्त.
मेणकिड्याच्या अळ्या : अतिशय स्निग्ध, क्वचितच द्याव्यात.
उंदरांची पिल्ले : नियमित आहार म्हणून अयोग्य.

भक्ष्याची लांबी बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा फार जास्त नसावी, असा ढोबळ नियम आहे. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत राहिल्यास ते झोपलेल्या बेडकाची त्वचा कुरतडू शकतात, म्हणून ते काढून टाकतात.

कॅल्शियम व फॉस्फरस

आहारात कॅल्शियम किमान फॉस्फरसइतके, आणि शक्यतो त्याच्या दीडपट ते दुप्पट असावे, असे मानतात. कीटकांना हाडे नसतात. बहुतेकांचे कवच कायटिनचे असते, त्यात कॅल्शियम फार थोडे असते. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या अनेक पट असतो. असा आहार सतत मिळाल्यास रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी परावटू ग्रंथी उत्तेजित होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून घेतले जाते. मोकळ्या झालेल्या जागी तंतुमय ऊती वाढतात.

ही उणीव दोन मार्गांनी भरून काढतात. पहिला मार्ग कीटकांना पोसण्याचा. बेडकाला देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य व पालेभाज्या देतात, म्हणजे त्यांच्या पोटातील अन्नही बेडकाला मिळते. दुसरा मार्ग भुकटीचा. देण्याच्या क्षणी कीटक कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक भुकटीत घोळवतात. रातकिडे आपले अंग साफ करत असल्याने काही तासांत बरीच भुकटी गळून पडते. म्हणून बेडूक लगेच खाईल एवढेच कीटक सोडतात. ड३ असलेली भुकटी किती वेळा द्यायची, हे अतिनील दिवा आहे की नाही यावर ठरते. दिवा असल्यास साधी कॅल्शियम भुकटी नेहमी व जीवनसत्त्वयुक्त भुकटी कमी वेळा देतात.

अ जीवनसत्त्व

अनेक बेडूक वनस्पतिजन्य कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात पुरेसे रूपांतर करू शकत नाहीत, असे मानले जाते. त्यामुळे पूरक भुकटीत तयार अ जीवनसत्त्व म्हणजे रेटिनॉल असणे महत्त्वाचे असते. त्याच्या अभावी जिभेवरील श्लेष्मल ग्रंथींची रचना बदलते, जीभ चिकट राहत नाही आणि बेडकाला भक्ष्य धरता येत नाही. तो झेप घेतो, पण कीटक निसटतो. बंदिवासात वाढवलेल्या वायोमिंग टोड या दुर्मिळ जातीत ही विकृती विशेषत्वाने अभ्यासली गेली. अशा बेडकाला भूक नाही असे समजून दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

प्रमाण व स्थूलता

वाढत्या पिल्लांना रोज, तर प्रौढांना आठवड्यातून दोन-तीन वेळा अन्न देतात. ही जाती खादाड असून मिळेल तेवढे खात राहते. डोळ्यांवरील त्वचेच्या वळ्या फुगून डोळ्यांवर येऊ लागणे हे स्थूलतेचे लक्षण आहे. स्निग्ध आहारामुळे डोळ्यांच्या पारपटलात मेद साचून पांढरट डाग पडतात आणि दृष्टी अधू होते. हालचाल पाहून शिकार करणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने ही हानी गंभीर असते.

उथळ पसरट भांड्यातील पाणी रोज बदलतात. बेडूक पाणी त्वचेतून शोषत असल्याने नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकणे आवश्यक असते.

कमतरतेची लक्षणे

बेडकांच्या शरीरात, कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पिशव्यांत, कॅल्शियम कार्बोनेटचा साठा असतो. हा साठा काही काळ उणीव भरून काढतो. त्यामुळे आजार बाहेर दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. मुलांमधील मुडदूस या रोगाशी त्याचे साम्य आहे. खालचा जबडा मऊ होऊन वाकणे, पाठीचा कणा वा मागचे पाय वेडेवाकडे होणे, काचेवरील पकड सुटून पडणे, स्नायूंना आचके येणे आणि पोट फुगणे ही त्याची लक्षणे होत. निदानासाठी पशुवैद्य क्ष-किरण तपासणी करतात. कॅल्शियम व ड३ यांच्या उपचाराने आजार थांबवता येतो, परंतु वाकलेली हाडे बहुधा पूर्ववत होत नाहीत. म्हणूनच दिव्याची मुदत व भुकटीचे दिवस नोंदवून ठेवणे उपचारापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

कायदा व संवर्धन

ऑस्ट्रेलियातून स्थानिक उभयचरांची व्यापारी हेतूने जिवंत निर्यात करण्यास १९९९ च्या पर्यावरण संरक्षण व जैवविविधता जतन कायद्यानुसार बंदी आहे. न्यू साउथ वेल्समध्ये हा बेडूक पाळण्यासाठी परवाना लागतो. पाळीव बेडूक निसर्गात सोडल्यास कायट्रिड बुरशीसारखे रोग स्थानिक बेडकांत पसरण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात आंबोलीसारख्या भागात दिसणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग हाही हिरवा वृक्षबेडूक आहे. मात्र तो रॅकोफोरिडी या वेगळ्या कुलातील असून त्याचा अधिवास पश्चिम घाटातील दमट वनांत आहे. वरील मापे त्याला लागू पडत नाहीत आणि रानातील बेडूक पकडून काचपेटीत ठेवणे हा त्याच्या संगोपनाचा मार्ग नाही.