सरांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असेल

रावेर तालुक्यात केळीबद्दल खोटं सांगून कोणाला फसवणं अवघड आहे. सोमालियातून आलेल्या केळ्यांत ‘हेलिकोबॅक्टर’ नावाचा किडा असतो, ते केळं खाल्लं की बारा तासांत मेंदू बंद पडून माणूस दगावतो, असा एक व्हिडिओ गेली काही वर्षं मोबाइलवरून फिरतोय. रावेर, सावदा, निंभोऱ्याच्या माणसाला त्यातला खोटेपणा लगेच कळतो. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश आपलाच. इथून वॅगनी भरभरून केळी दिल्लीकडे जाते, मग सोमालियातून मागवेल कोण? शिवाय हेलिकोबॅक्टर हा किडा नाहीच. तो जठरात राहणारा जिवाणू आहे. अल्सर त्याच्यामुळे होतो हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. नुसत्या डोळ्यांनी तो दिसतच नाही, तर केळ्यातून वळवळत बाहेर कसा येईल?

पण त्याच माणसाच्या मोबाइलवर ‘मुलं पळवणारी टोळी तालुक्यात शिरली आहे, सावध राहा’ असा मजकूर आला, की तो क्षणात चार ग्रुपांत जातो. केळीच्या व्हिडिओवर चार प्रश्न विचारणारं डोकं इथे एकही प्रश्न विचारत नाही. जे आपण हाताने केलंय, रोज पाहिलंय, तिथे आपण सहसा फसत नाही. त्या कुंपणाबाहेर पडलो की पदवीधर आणि निरक्षर यांच्यात फार अंतर उरत नाही. उलट पदवीधराच्या हातून नुकसान जास्त होतं, कारण त्याच्या नावाला वजन असतं. मजकूर कोणी लिहिला हे कोणी पाहत नाही. तो कोणाकडून आला एवढंच पाहिलं जातं. ‘सरांनी टाकलंय’, ‘डॉक्टरसाहेबांच्या ग्रुपवर होतं’, एवढं बास होतं.

गैरसमज : ‘अफवांना अडाणी माणसं बळी पडतात’

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली, तेव्हा मोबाइल फारसा कोणाच्या हातात नव्हता. ती पसरली टेलिफोनवरून, आणि टेलिफोन त्या काळी शिकल्या-सवरल्यांच्या घरीच होते. मुंबई-दिल्लीत देवळांपुढे लागलेल्या रांगांत अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर सगळे होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो चमचा मूर्तीला लावला आणि सोंडेवरून, पोटावरून खाली उतरणारा रंगीत ओघळ सगळ्यांना दाखवला. चमच्याच्या काठाला दगड टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा थर दिसत नाही, एवढंच. मूर्तीच्या पायाशी हात लावून पाहिला असता तरी ओल लागली असती. तसं करून पाहणारे थोडे निघाले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो चिप’ आहे, ती जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडते, हेही शिकलेल्यांनीच एकमेकांना पटवून दिलं. वृत्तवाहिन्यांवर त्याचं सचित्र वर्णन झालं. विजेचा कोणताही स्रोत नसलेली कागदात मावेल एवढी पट्टी आपल्या बळावर आकाशात संदेश पाठवू शकत नाही, हे इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. अशी कोणतीही चिप नाही असा खुलासा रिझर्व्ह बँकेने केला, पण तो मूळ मजकुराइतका फिरला नाही. दिवाळीच्या रात्री उजळलेल्या भारताचं ‘नासाचं छायाचित्र’ तर अजून दरवर्षी येतं. ते दिवाळीचं नाहीच. अनेक वर्षांतली उपग्रहचित्रं एकत्र करून, वस्ती कुठे कशी वाढत गेली हे दाखवण्यासाठी वेगवेगळे रंग भरलेलं ते चित्र आहे.

या सगळ्यांत एक समान खूण आहे. त्यांची भाषा शिकलेल्या माणसाची आहे: नासा, नॅनो, लॅब रिपोर्ट, अमुक हॉस्पिटलचे तमुक सर्जन. चेटकिणीची गोष्ट सांगून जो माणूस बधणार नाही, त्याच्यासाठीच हा मजकूर लिहिलेला असतो.

गैरसमज : ‘खोटं निघालं तरी कोणाचं काय बिघडतं? सावध केलेलं बरं’

हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक गैरसमज आहे. त्याचं उत्तर खान्देशातच आहे, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाच्या आदिवासी वस्तीच्या गावी.

१ जुलै २०१८, रविवार, गावचा आठवडे बाजार. मुलं पळवून त्यांचे अवयव विकणारी टोळी फिरतेय, हे मोबाइलवरून धुळे, नंदुरबार, नाशिक, औरंगाबाद या जिल्ह्यांत त्याआधी कित्येक दिवस फिरत होतं. जूनमध्ये वैजापूर तालुक्यात अशाच संशयावरून मारहाण होऊन जीव गेले होते. राईनपाड्यात त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं होती. भिक्षा मागत गावोगाव हिंडणं हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्यांतला कोणी एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून लोक जमले. मारहाण सुरू झाली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे जमावाने त्यांना ठार मारलं. ते मारणंही मोबाइलवर टिपलं गेलं आणि पुढे पाठवलं गेलं.

तिथे कोणतीही टोळी नव्हती, कोणतंही मूल पळवलेलं नव्हतं. त्या काळात देशभर दाखवला जाणारा एक व्हिडिओ पाहा: मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला छोटा चित्रपट होता. मूळ चित्रपटात तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला. उरलेला भाग पाहून आपल्याकडच्या सुशिक्षित आई-वडिलांनी काळजीपोटी तो एकमेकांना पाठवला. त्यांतल्या कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. पण गावात अनोळखी माणूस दिसला की काय समजायचं, हे त्या व्हिडिओने हजारो लोकांच्या डोक्यात आधीच ठरवून ठेवलं होतं.

त्याच दिवशी मालेगावातही एका लहान मुलासह पाच जणांना जमावाने घेरलं होतं. तिथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत सांभाळलं. पाचही जण वाचले. अफवा तीच होती, जमावही तसाच चिडलेला होता. फरक एका दारापुरता होता.

‘अवयव काढतात’ या भागाबद्दल डॉक्टर मंडळींनी तरी बोलायला हवं, कारण त्यांना नेमकं माहीत असतं. मूत्रपिंड बसवायचं तर रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह लागतं, शिकलेल्या माणसांचं पथक लागतं. काढलेलं मूत्रपिंड बर्फात फार तर दीड दिवस टिकतं, हृदय चार ते सहा तास. कोणत्या मुलाचा अवयव कोणाला चालेल हे ठाऊक नसताना गाडीत घालून नेलेल्या मुलाचा अवयव विकता येत नाही. अवयवांच्या व्यापारात खरे गुन्हे घडतात, पण ते रुग्णालयांत, खोट्या कागदपत्रांवर, गरजू माणसाला पैशांचं आमिष दाखवून घडतात. बाजारात भिक्षा मागणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

अमुक महिन्यात इतकी मुलं ‘पळवली’ असे आकडेही वर्तमानपत्रांत दिसतात, आणि ते खोटे नसतात. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. त्यामुळे परीक्षेच्या धाकाने घर सोडून गेलेला, मित्रासोबत मुंबईला पळालेला, प्रेमप्रकरणातून निघून गेलेली, असे सगळे कागदोपत्री अपहरणातच मोडतात. हा नियम मुलांच्या भल्याचा आहे. त्यातून ‘टोळी’ काढणं मात्र वाचणाऱ्याची चूक आहे.

पैशांचं नुकसान तर दिसूनही येत नाही. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असा मजकूर फिरला आणि चिकनचे भाव कोसळले. केंद्र सरकारने आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यात तथ्य नाही असं सांगितलं, तोवर कुक्कुटपालक कर्जात बुडाले होते. कोंबडीच्या धंद्याचं मोठं केंद्र असलेल्या आपल्या नवापूरने तर २००६ सालचा खरा बर्ड फ्लू पाहिला होता. धोका खरा असतो तेव्हा काय होतं हे तिथल्या माणसाला ठाऊक आहे: जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, परिसर बंद होतो, पशुसंवर्धन खात्याची पथकं येतात, लाखो पक्षी नष्ट केले जातात. खऱ्या संकटाची खबर फक्त मामाच्या ग्रुपवरून येत नाही.

गैरसमज : ‘व्हिडिओच आहे, म्हणजे डोळ्यांनी पाहिलंय’

पुन्हा केळीकडे येतो. केळीचे घड मोठ्या टाकीत बुडवतानाचा व्हिडिओ ‘बघा, कसं केमिकल लावतात’ म्हणून फिरतो. पॅकिंग हाउसमध्ये काम केलेला माणूस वेगळंच पाहतो. घडापासून फणी कापली की चीक गळतो, सालीवर पडला की काळा डाग पडतो आणि माल बाजूला काढला जातो. म्हणून फण्या पाण्यात, बऱ्याचदा तुरटीच्या पाण्यात, धुतात. ते धुणं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅल्शियम कार्बाइड लावून फळ पिकवायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. तरी काही ठिकाणी ते वापरलं जातं. पिकवण्याच्या द्रावणात फळ थेट बुडवणंही नियमात बसत नाही. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, १०० पीपीएमपर्यंत. हा वायू पिकताना केळं स्वतःच सोडतं. रायपनिंग चेंबरमध्ये थंड, दमट हवेत तोच बाहेरून दिला जातो. केळी हिरवी कापून नंतर पिकवायची, हा केळीचा स्वभावच आहे. त्यामुळे ‘देठ हिरवा आणि साल पिवळी दिसली की कार्बाइड समजा’ ही जी खूण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरते, ती चुकीची आहे. चेंबरमधून नीट पिकून आलेल्या केळ्याची टोकंही दोन-तीन दिवस हिरवी असतात.

व्हिडिओत घडलेली गोष्ट बहुतेक वेळा खरीच असते. खोटा असतो तो खाली लिहिलेला मजकूर, गावाचं नाव, साल. शोधायचं ते हेच.

गैरसमज : ‘मी फक्त पुढे पाठवलं’ आणि ‘अडकेल तो ॲडमिन’

दोन्ही चूक. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. पुढे पाठवणारा मात्र सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये अफवा तयार करणाऱ्याबरोबर ती पसरवणाराही येतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू चांगला होता, तर त्यातून सूट आहे. ‘ग्रुपवर आलं होतं’ हे वाजवी कारण मानलं जाईल, या भरवशावर कोणी राहू नये.

व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने काही केलंच नाही असंही नाही. राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्येच तिने पुढे पाठवलेल्या मजकुरावर शिक्का मारायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. दोन बाण दिसले की समजायचं, हा पाच किंवा अधिक हातांतून आलाय. पण कोणी मजकूर कॉपी करून पेस्ट केला की शिक्का जातो आणि तो त्याच्याच नावाने, त्याच्याच भाषेत आल्यासारखा वाटतो. तंत्राने घातलेला बांध इथे फुटतो, आणि बहुधा फोडणारा तंत्र जाणणाराच असतो.

अफवा मोबाइलशिवायही जीव घेते. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. माणसं घाबरून शेजारच्या रुळांवर उतरली, समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली आणि डझनभर जीव गेले. त्या डब्यातल्या माणसांना खात्री करायला सवड नव्हती, त्यांना दोष कोण देईल? मोबाइलवरचा मजकूर वाचणाऱ्याला ती सवड असते. गावचा पोलीस पाटील, तालुक्याचं पोलीस ठाणं, ११२ क्रमांक, केंद्र सरकारची पीआयबी फॅक्ट चेक सेवा, यांतलं काहीही दोन-पाच मिनिटांत हाताशी येतं.

अडचण तिथे नसतेच. अडचण असते घरच्या ग्रुपवर अण्णांना, किंवा ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांना, सगळ्यांदेखत ‘हे खोटं आहे’ म्हणायची. ते सगळ्यांदेखत म्हणूही नये. अपमान झाला की माणूस चुकीला आणखी घट्ट धरतो. वेगळा फोन लावावा: ‘सर, तुम्ही टाकलेलं पोलिसांना विचारलं, तसं काही घडलेलं नाही. तुमच्याच शब्दांत ग्रुपवर सांगता का? तुमचं लोक ऐकतात.’ ज्या नावाच्या वजनाने मजकूर गेला, त्याच नावाने खुलासा गेला तर तो ऐकला जातो. आणि नुसतं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून भागत नाही. त्याने मजकूर आपल्या ग्रुपातून जातो. तोवर ज्या ज्या ग्रुपात दुसऱ्यांनी तो पोचवलेला असतो, तिथे तो तसाच राहतो. म्हणून खुलासा लिहायचा, आणि आपण पाठवलेल्या प्रत्येकाला तो पुढे पाठवायला सांगायचं.