आयकर विभागाच्या नोटिशीला ऑनलाइन उत्तर

'आयकर विभागाची नोटीस' हे शब्द कानी पडताच भल्याभल्यांचा धीर सुटतो. वास्तविक नोटीस म्हणजे आरोपपत्र नव्हे. विभागाजवळची माहिती आणि आपण विवरणपत्रात दिलेली माहिती यांत तफावत दिसली, की त्याविषयी विचारलेला तो प्रश्न असतो. त्याला मुदतीत व पुराव्यानिशी उत्तर मिळाले, तर विषय पुष्कळदा तेथेच संपतो. मौन पाळल्यास मात्र निर्णय आपली बाजू न ऐकताच होतो.

प्रश्न उद्भवतो कोठून?

बँका, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालये आदी संस्था ठरावीक मोठ्या व्यवहारांची माहिती आयकर विभागास कळवितात. एका आर्थिक वर्षात एखाद्या व्यक्तीने आपल्या बचत खात्यांत मिळून १० लाख रुपये वा त्याहून अधिक रोख रक्कम भरल्यास ती कळविण्याचे बंधन १९६२ च्या आयकर नियमांनी बँकांवर घातले. ही माहिती करदात्यास नोव्हेंबर २०२१ पासून 'वार्षिक माहिती विवरणा'त, म्हणजेच 'एआयएस'मध्ये पाहता येते. विवरणपत्र भरण्यापूर्वी ते नजरेखालून घातल्यास अनेक नोटिसा मुळातच टळतात.

नोटीस खरी आहे ना?

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, अर्थात 'डिन', घालण्याची पद्धत सुरू झाली. विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर हा क्रमांक देऊन नोटिशीची सत्यता पडताळता येते व त्यासाठी लॉग इन करण्याचीही गरज नसते. ई-मेल वा एसएमएसमधील दुव्यावर मात्र कधीही क्लिक करू नये. आपला पासवर्ड, पिन वा कार्डाचा तपशील विभाग ई-मेलने मागत नाही, आणि आपली बँकही मागत नाही.

कलम व मुदत

नोटीस हाती येताच प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या वर्षासंबंधी, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेपर्यंत. आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. तथापि त्यापूर्वीच्या वर्षांच्या विवरणपत्रांना १९६१ च्या अधिनियमातील कलमेच लागू पडतात. विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस कलम १३९(९) खाली येते व दोषदुरुस्तीस १५ दिवस मिळतात. कलम १४३(१) खाली उत्पन्नात फेरबदल प्रस्तावित असल्यास उत्तरासाठी ३० दिवस असतात. कलम १४२(१) वा १४३(२) खालील नोटिशीत उत्तराची तारीख नमूद असते. या दोहोंकडे दुर्लक्ष केल्यास प्रत्येक कसुरीस १०,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अधिकारी उपलब्ध माहितीवरून आपल्या अंदाजाने कर आकारू शकतो.

एक कल्पित उदाहरण

इंदूरच्या एका सेवानिवृत्त ग्राहकाने पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी तीन महिन्यांत खात्यातून १२ लाख रुपये काढले असे समजू. पुढे रुग्णालयाचे देयक विमा कंपनीने परस्पर भागविले आणि त्यांनी ती रोकड पुन्हा खात्यात भरली. विभागापुढे आली ती केवळ भरण्याची नोंद. रक्कम त्यांचीच असूनही स्पष्टीकरण न दिल्यास ती अस्पष्टीकृत उत्पन्न ठरून तिच्यावर जबर दराने कर लागण्याचा धोका आहे.

त्यांना केवळ 'ही माझी बचत आहे' असे लिहून भागणार नाही. रक्कम काढल्याच्या व भरल्याच्या नोंदी असलेला खातेउतारा, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, विमा कंपनीचे मंजुरीपत्र आणि या सर्वांची तारीखवार सांगड घालणारे एक पानी निवेदन, एवढे त्यांनी जोडावे. कोणती रक्कम केव्हा निघाली व केव्हा परतली, हे वाचणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळावे.

हे निवेदन महत्त्वाचे ठरण्यास कारण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चेहराविरहित करनिर्धारणाची व्यवस्था सुरू झाल्यापासून इंदूरच्या करदात्याचे प्रकरण अन्य शहरातील अधिकाऱ्यापुढे जाऊ शकते. समोर बसून खुलासा करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आपल्या वतीने कागदच बोलतात.

कागदपत्रे सादर करताना

ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉग इन करून 'पेंडिंग ॲक्शन्स'मधील 'ई-प्रोसीडिंग्ज' या विभागात जावे. तेथे नोटीस उघडून 'सबमिट रिस्पॉन्स' हा पर्याय निवडावा.

• प्रत्येक फाइल ५ एमबीपेक्षा मोठी नसावी. फाइलला 'खातेउतारा २०२३-२४' असे अर्थपूर्ण नाव द्यावे.
• बँकेचा ई-मेलने आलेला खातेउतारा पासवर्डने बंद असतो. तो उघडता येईल अशा स्वरूपात जोडावा.
• सर्व कागद एकदम देता येत नसल्यास 'अंशतः उत्तर' हा पर्याय घ्यावा. अखेरचा भाग देतानाच 'पूर्ण उत्तर' निवडावे.
• कागद जमविण्यास वेळ हवा असल्यास मुदत संपण्यापूर्वीच सकारण मुदतवाढ मागावी.
• उत्तर पाठविल्यानंतर ते बदलता येत नाही, म्हणून शेवटचे बटण दाबण्याआधी प्रत्येक फाइल उघडून पाहावी. मिळालेला व्यवहार क्रमांक व पोचपावती जपून ठेवावी.

स्वतःस हे जमत नसेल, तर सनदी लेखापालास अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमता येते.

जुन्या नोंदींचे मोल

व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षे जपण्याचे कायदेशीर बंधन बँकांवर आहे. मात्र विभागाचा प्रश्न त्याहूनही जुन्या व्यवहाराविषयी असू शकतो. यास्तव दर एप्रिलमध्ये मागील वर्षाचा खातेउतारा, मुदत ठेवींच्या व्याजाचा दाखला आणि करकपातीचे प्रमाणपत्र उतरवून एकत्र ठेवावे.

शाखेतील सहकाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोटीस हाती घेऊन जुना खातेउतारा मागणाऱ्या ग्राहकाचे दिवस मोजलेले असतात. तो उतारा आज दिला, तर ग्राहकाचे उत्तर होतो. मुदतीनंतर दिलेला तोच उतारा त्याच्या फारसा उपयोगी पडत नाही.